पेशव्यांचा शिकारखाना व पुण्याचें प्राणिसंग्रहालय

पुण्याचें प्राणिसंग्रहालय पेशवाईपासून चालत आलेलें आहे, असें विधान वारंवार ऐकूं येतें. पर्वतीच्या पायथ्याशीं पेशव्यांचा शिकारखाना होता, त्याच भागांत पुढें पेशवे उद्यान झालें, तेव्हां हें तेंच होय, असा हा तर्क आहे. स्थळाचें व नांवाचें साम्य आम्हांस मान्य आहे. परंतु स्थळाचें सातत्य म्हणजे संस्थेचें सातत्य नव्हे, हें दाखविण्याकरितां प्रस्तुत टिपण लिहिलें आहे.

प्रथम शब्दाचा विचार करूं. परंपरेनें जे अठरा कारखाने सांगितले जातात, त्यांत पीलखाना, उष्ट्रखाना यांच्या पंक्तीस शिकारखाना येतो. अर्थात् मूळचें हें मृगयेचें खातें. शिकारीस उपयोगी पडणारीं जनावरें व पक्षी बाळगणें हें त्याचें काम. लोकांस तीं दाखविणें हें नव्हे.

सवाई माधवरावांच्या कारकीर्दींत मात्र (इ. स. १७७४–१७९५) या खात्याचें रूप पालटलेलें दिसतें. याविषयींचा उत्तम पुरावा कागदावरील एका चित्रांत आहे. इंग्रजांचा पुणें दरबारांतील वकील चार्लस मॅलेट याच्याकरितां काम करणारा पुण्याचा चितारी गंगाराम तांबट यानें इ. स. १७९० मध्यें पेशव्यांच्या संग्रहांतील गेंड्याचें चित्र काढिलें. तें हल्लीं अमेरिकेंतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलासंग्रहालयांत आहे. आतां गेंडा कांहीं दक्षिणेंतील प्राणी नव्हे. तो दूरच्या मुलखांतून आणिलेला असला पाहिजे. शिवाय चित्त्याप्रमाणें तो हरणामागें सोडतां येत नाहीं. ज्याचा शिकारीस उपयोग नाहीं, असें अवजड व खर्चाचें जनावर शिकारखान्यांत बाळगिलें जातें, याचा अर्थ तें पाहण्याकरितां व दाखविण्याकरितां बाळगिलें आहे, एवढाच होऊं शकतो. या एका चित्रावरून आम्ही असें अनुमान करितों कीं, सोळा वर्षांच्या पेशव्याच्या हौसेनें मृगयेच्या खात्यास कौतुकागाराचें रूप येत चाललें होतें.

हें कौतुक कोणासाठीं होतें? इ. स. १७९२ मध्यें पेशव्यांनीं मॅलेटास माणसाळविलेले काळवीट दाखविले. ते वाद्यांच्या सुरांवर तंबूपर्यंत येत, अशी हकीकत आहे. येथें प्रेक्षक हा दरबारचा पाहुणा आहे. निमंत्रण हेंच त्याचें प्रवेशपत्र होय.

यापुढें मोठा खंड पडतो. इ. स. १८१८ मध्यें पेशवाई बुडाली. पेशवे उद्यान पुणें महानगरपालिकेनें उघडलें तें १९५३ मध्यें. मध्यें १३५ वर्षें गेलीं. इतक्या अंतरावर एकाच संस्थेची परंपरा मानावयाची, तर मधला दुवा दाखविणें अवश्य आहे. खरा भेद तर प्रेक्षकांत आहे. येथें येणारा निमंत्रित नव्हे, तर तिकीट काढणारा नागरिक होता. १९५६ मध्यें सुरू झालेली फुलराणी ही लहान आगगाडी आणि पिंजऱ्यांतील वाघ हीं दोन्ही पाहून घरीं गेलेलीं मुलें आज वृद्ध झालीं आहेत. शिकारखान्याविषयीं मात्र कोणा सामान्य पुणेंकराच्या आठवणी आमच्या पाहण्यांत नाहींत.

कात्रज येथील राजीव गांधी प्राणिसंग्रहालय १९९९ मध्यें सुरू झालें व पेशवे उद्यानांतील जनावरें तिकडे नेण्यांत आलीं. सुमारें १३० एकरांच्या या आवारांत प्रेक्षकास बरेंच चालावें लागतें. खंदकापलीकडे झाडींत वाघ दिसेपर्यंत थांबावें लागतें, आणि कधीं तो दिसतच नाहीं. योगायोग असा कीं, नानासाहेब पेशव्यांनीं ज्या कात्रजहून शहरास पाणी आणिलें, तेथील तलावाकांठींच हा संग्रह आहे. हाही स्थळाचाच योगायोग. त्यावरून वंशावळ मांडूं नये.

आमचे संग्राहक पेशवेकालीन मोडी कागदाची एक चिटोरी मिळाली तरी ती जपून ठेवितात, तें योग्यच आहे. पण पेशवे उद्यानाचें जुनें तिकीट किंवा पिंजऱ्यापुढें काढिलेलें कौटुंबिक छायाचित्र त्यांस क्षुल्लक वाटतें. गेंड्याचें एक चित्र उरलें म्हणून आज इतकें तरी अनुमान करतां आलें. ज्यांच्या संग्रहीं असे कागद असतील त्यांनीं तारखेसह त्यांची टांचणें करून ठेवावीं, अशी आमची विनंति आहे.