दुपारचे ऊन आणि दूरचे मजूर

निसर्गचित्रातील ऊन, पाणी आणि झाडे यांना सनावळी नसते अशी एक सुखद समजूत आम्हीही बराच काळ बाळगून होतो. जॉन कॉन्स्टेबल (१७७६–१८३७) या इंग्रज चित्रकाराच्या 'द हे वेन' या तैलचित्राने ती मोडली.

१८२१ साली लंडनच्या रॉयल अकॅडमीत हे चित्र प्रथम मांडले गेले, तेव्हा त्याचे शीर्षक 'निसर्गदृश्य : मध्यान्ह' असे होते. सफोक परगण्यातील स्टाऊर नदीच्या उथळ पाण्यात गवत वाहण्याची रिकामी गाडी उभी आहे. डावीकडे विली लॉट या शेतकऱ्याचे घर, उजवीकडे उन्हाने उजळलेले विस्तीर्ण कुरण. चित्रकाराच्या वडिलांच्या पाणचक्कीजवळचा हा देखावा. तो रंगवला गेला मात्र लंडनमध्ये, जुन्या अभ्यासचित्रांच्या आधाराने.

त्या वर्षांतला खराखुरा परगणा इतका शांत नव्हता. १८१५ मध्ये नेपोलियनशी चाललेले युद्ध संपल्यावर धान्याचे भाव कोसळले, मजुरी घटली, रणांगणावरून परतलेल्या सैनिकांना काम मिळेना. पूर्व इंग्लंडमध्ये १८१६ साली शेतमजुरांचे दंगे झाले. १८२२ मध्ये मळणीयंत्रे फोडली गेली.

मग चित्रातले मजूर कोठे आहेत? आहेत, पण दूर, कुरणाच्या पलीकडच्या कडेला, पांढऱ्या ठिपक्यांएवढे. जॉन बॅरेल या समीक्षकाने १९८० साली इंग्रजी निसर्गचित्रांतील ग्रामीण गरिबांविषयी ग्रंथ लिहिला, त्यात या अंतराचाच प्रश्न ऐरणीवर आणला.

म्हणून हे चित्र खोटे ठरते काय? आम्हांस तसे वाटत नाही. पाण्यावरची चमक, ओली पाने, ढगांतून उतरणारा उजेड यांकडे कॉन्स्टेबलने विलक्षण प्रामाणिकपणे पाहिले. लंडनमध्ये न विकले गेलेले हे चित्र १८२४ साली पॅरिसच्या प्रदर्शनात सुवर्णपदकास पात्र ठरले, ते उगीच नव्हे. परंतु पाहणारा डोळा गिरणीमालकाच्या मुलाचा होता. त्याच्या अंगणातून मजूर जेवढे दिसत, तेवढेच ते कॅनव्हासवर उतरले.

ग्रामीण साहित्य शिकताना व शिकवताना हाच प्रश्न आम्हांस उपयोगी पडतो. वर्णन किती सुंदर आहे, हे विचारून झाल्यावर लेखक कोणाच्या अंगणात उभा आहे, हेही विचारावे. त्याने उन्हाचे तेज कमी होत नाही. फक्त त्या उन्हात राबणारी माणसे दिसू लागतात.