अष्टकापासून आरगॉनपर्यंत

१ मार्च १८६६ रोजी लंडनच्या केमिकल सोसायटीत जॉन न्यूलँड्स यांनी 'अष्टकांचा नियम' मांडला. षड्जापासून चढत गेले की आठव्या ठिकाणी पुन्हा षड्जच भेटतो. तसे मूलद्रव्ये अणुभाराच्या क्रमाने लावली की दर आठव्या ठिकाणी सारखे गुणधर्म परत येतात, असे त्यांचे म्हणणे होते. त्यावर जॉर्ज केरी फॉस्टर यांनी विचारले, की मूलद्रव्ये आद्याक्षरांच्या क्रमाने लावून पाहिली आहेत काय? निबंध सोसायटीच्या नियतकालिकात छापलाही गेला नाही. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांच्या आंधळेपणाचा दाखला म्हणून हा प्रसंग नेहमी सांगितला जातो. माझ्या मते त्यातून वेगळाच धडा निघतो. आवर्त सारणीला ब्रिटनमध्ये मान्यता मिळाली ती तिच्या उपयोगाची खात्री टप्प्याटप्प्याने पटत गेली म्हणून. आणि १८६६ मध्ये ती खात्री पटावी असे फारसे काही समोर नव्हते.

फॉस्टर यांचा टोमणा लक्षात राहिला, पण त्याच सभेत रसायनशास्त्रज्ञ ग्लॅडस्टन यांनी घेतलेला आक्षेप अधिक वजनदार होता. गेल्या काही वर्षांत थॅलियम, इंडियम, सीझियम आणि रुबिडियम सापडली होती. मग यापुढे नवे काही सापडणारच नाही असे गृहीत धरणारी मांडणी टिकणार कशी? न्यूलँड्स यांच्या तक्त्यात रिकाम्या जागा नव्हत्या. कोबाल्ट आणि निकेल एकाच घरात होते, लोखंड ऑक्सिजन-गंधकाच्या ओळीत बसले होते. तरीही निबंध नाकारणे योग्य होते असे मी म्हणणार नाही. केवळ सैद्धान्तिक लेखन वाद वाढवते म्हणून छापत नाही, असे कारण सोसायटीच्या वतीने विल्यम ओडलिंग यांनी पुढे दिले. ज्यांनी १८६४ मध्ये स्वतःच मूलद्रव्यांची मांडणी केली होती, त्यांच्या तोंडी हे कारण शोभत नाही. आक्षेप रास्त होता; दार बंद करणे रास्त नव्हते.

मग खात्री पटली कशाने? रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलेएव्ह यांनी आपल्या सारणीच्या आधारे १८७१ मध्ये वर्तवलेली मूलद्रव्ये सापडली आणि सगळे वळले, असे उत्तर सहज सुचते. १८७५ मध्ये फ्रान्समध्ये गॅलियम मिळाले, १८७९ मध्ये स्कँडियम. या यशाने ब्रिटनचे लक्ष वेधले यात शंका नाही. त्याच वर्षी 'केमिकल न्यूज'मध्ये मेंडेलेएव्ह यांचा दीर्घ निबंध क्रमशः येऊ लागला. पण रॉयल सोसायटीने १८८२ मध्ये डेव्ही पदक दिले ते मेंडेलेएव्ह आणि लोथर मायर या दोघांना, अणुभारांमधील आवर्ती संबंधांच्या शोधासाठी. मायर यांनी तसे धाडसी भाकीत केलेच नव्हते. म्हणजे जे आधीच ठाऊक होते त्याला लागलेली शिस्तही तितकीच मोलाची ठरली. टॉमस कार्नेली यांच्यासारखे ब्रिटिश संशोधक वितळणबिंदूंचा अभ्यास या नियमाच्या आधारे करत होते. १८८७ मध्ये डेव्ही पदक न्यूलँड्स यांनाही मिळाले. ती एकवीस वर्षांनी झालेली भरपाई होती.

खरी कसोटी मात्र पुढे होती. रॅली आणि विल्यम रॅम्झी यांनी १८९४ मध्ये जाहीर केलेल्या आरगॉनला सारणीत जागाच नव्हती. त्याचा अणुभार सुमारे ४०, तर पोटॅशियमचा ३९. क्रमच उलटा होत होता. तीन अणूंचा नायट्रोजन असावा, अशी शंका खुद्द मेंडेलेएव्ह यांना आली. सारणीवरचा विश्वास वरवरचा असता तर तो इथे ढळला असता. रॅम्झी यांनी आरगॉन आणि हेलियम यांच्यासाठी नवा गट मानला, आणि १८९७ मध्ये टोरांटोच्या भाषणात या दोघांच्या मधला, अजून न सापडलेला वायू असला पाहिजे असे सांगितले. पुढच्याच वर्षी निऑन सापडला. एकेकाळी ज्या देशात या क्रमाची तुलना अक्षरमालेशी झाली, तिथल्या शास्त्रज्ञाने आता त्याच क्रमाच्या भरवशावर आपले पुढचे संशोधन पणाला लावले होते. पदकांपेक्षा मान्यतेचा हा पुरावा मला अधिक भक्कम वाटतो.