छावणीतले चार महिने

एम. ए.च्या वर्गात जुने मराठी गद्य शिकवताना आम्ही दरवर्षी एक पत्र वाचतो. शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांना ते पाठवले आहे. महिना मे आहे. साल काही अभ्यासक १६७३ धरतात, काही १६७४. वर्गात पत्राचे नाव निघाले की निम्मी मुले भाजीच्या देठाची आठवण काढतात, आणि तेथेच पहिली दुरुस्ती करावी लागते. भाजीच्या देठाचा उल्लेख या पत्रात नाहीच. तो १६७६ साली प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना लिहिलेल्या निराळ्या पत्रातला आहे. दोन्ही पत्रांत रयतेचा कळवळा असल्यामुळे लोकस्मृतीने त्यांची सरमिसळ करून टाकली. या सरमिसळीत चिपळूणच्या पत्रातला एक मोठा घटक मात्र नाहीसा झाला. तो घटक म्हणजे घोडा.

पाठ्यपुस्तकांत या पत्राचा जो तुकडा येतो, तो कुणब्यांना उपद्रव देऊ नका, बाजारातून रोकड पैसे देऊन जिन्नस घ्या, रयतेला मोगल परवडले असे वाटू देऊ नका, एवढाच असतो. तो तुकडा मोलाचा आहे, यात वाद नाही. परंतु पत्र सबंध वाचले तर दिसते की त्यातील युक्तिवाद दाणा आणि गवत यांच्यापासून सुरू होतो आणि दाणा आणि गवत यांच्याशीच संपतो. सुभ्यात पावसाळ्यासाठी म्हणून जो साठा केला होता, तो लष्कराच्या मुक्कामामुळे वैशाखातच खर्ची पडला. मग इकडून तिकडून, गडांवरची रसद काढून, पुन्हा बेगमी करावी लागली. आता ती हाताशी आहे म्हणून मन मानेल तशी उधळली, तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरू लागतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल. घोडी मरू लागली की माणसे कुणब्यांच्या दारात जातील. कोणी दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी लाकूडफाटा. रयतेची लूट ही या पत्रात सुट्या दुर्वर्तनाची गोष्ट म्हणून येत नाही. वैरणीच्या चुकलेल्या हिशेबाचा तो पुढचा टप्पा आहे. आमच्या मते पत्राची खरी थोरवी या कार्यकारणात आहे. सैनिक सज्जन असावेत एवढी अपेक्षा करून महाराज थांबत नाहीत. गवताची गंज शाबूत राहिली तरच सैनिकाला सज्जन राहणे परवडेल, हे ते ओळखतात.

वैरणीचा हा हिशेब किती मोठा असेल, ते एकदा आम्ही फळ्यावर मांडून पाहिले. सभासदाच्या बखरीप्रमाणे पागेत पंचवीस घोड्यांवर एक हवालदार, पाच हवाल्यांचा एक जुमला आणि दहा जुमल्यांचा एक हजारी अशी रचना होती. म्हणजे एका हजारीत १२५० घोडी झाली. देशी, लहान चणीच्या घोड्याला दिवसाला निदान पाच किलो कोरडी वैरण धरली, तर चार महिन्यांच्या १२० दिवसांत ७५० टन गवत लागते. एका बैलाच्या पाठीवर एक क्विंटल ओझे धरले तर साडेसात हजार बैलांचे ओझे झाले, आणि यात चंदीचा हरभरा किंवा हुलगा धरलेला नाही. हे सारे मृग निघण्यापूर्वी कोरडे, शाकारलेल्या छपराखाली जाऊन पडले पाहिजे. पावसाळ्यात हिरवे गवत अमाप असते, मग ही यातायात कशाला, असे देशावरच्या वाचकाला वाटेल. परंतु आषाढातले कोवळे गवत पाणचट असते. कोरड्या वैरणीवरचा घोडा एकाएकी त्याच्यावर सोडला तर त्याला पोटशूळ होतो. भिजून बुरशी आलेला पेंढा तर त्याहून घातक, कारण घोड्याला ओकता येत नाही. पोटात गेलेले वाईट परत बाहेर टाकण्याची सोय निसर्गाने त्याला दिलेली नाही.

आणि मोकळे सोडायचे तरी कोठे? ही गोष्ट पत्रात स्पष्ट लिहिलेली नाही, पण आम्हांला ती ओळींच्या मागे दिसते. ज्या आठवड्यांत पागा छावणीत येऊन बसते, त्याच आठवड्यांत कोकणातला कुणबी राब भाजून पेरणीच्या तयारीला लागलेला असतो. पुढे लावणी येते. वाशिष्ठीच्या खोऱ्यात सपाट आणि मऊ जमीन म्हणजे भातखाचर. अगाडी-पिछाडी सोडून दिलेला घोडा चार पावले चालला की कोणाच्या तरी रोपात उतरणार. छावणीबाहेर पडायचे काम नाही ही सूचना तेथे माणसांसाठी आहे. पण माणसे आत राहिली म्हणजे घोडीही आत राहिली.

आत राहिलेल्या घोड्याचे हालही काही कमी नव्हेत. हा भीमथडीचा, नीरेकाठचा प्राणी कोरड्या हवेत आणि कठीण भुईवर वाढलेला. त्याला कोकणच्या चिखलात चार महिने दावणीला उभे केले की खुराच्या तळव्यातला मऊ त्रिकोणी भाग कुजू लागतो, त्याला दुर्गंधी सुटते, खुरांच्या वरची कातडी भेगाळते. पावसाळ्यात घोड्याच्या अंगावर उठणाऱ्या, काही केल्या भरून न येणाऱ्या जखमांना हिंदुस्थानात ‘बरसाती’ म्हणत. एकोणिसाव्या शतकात इंग्रज पशुवैद्यांनी हा शब्द जसाच्या तसा उचलून आपल्या ग्रंथांत घातला. माश्यांबरोबर येणाऱ्या एका जंताच्या अळ्या जखमेत शिरल्यामुळे हे होते, हे पुढे कळले. ‘सुरा’ नावाचा दुसरा रोग असाच चावऱ्या माश्यांमुळे पसरतो. त्याचे रक्तातले सूक्ष्म जंतू १८८० साली ग्रिफिथ इव्हान्स यांनी डेरा इस्माइलखान येथे प्रथम दाखवले. सतराव्या शतकात हे ज्ञान कोणालाच नव्हते. होता तो अनुभव. पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असल्याचे सभासद आवर्जून नोंदवतो, आणि पावसाळ्यासाठी दाण्या-वैरणीच्या जोडीला औषधेही साठवून ठेवल्याचे सांगतो. कौटिल्याने तर अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात प्रत्येक घोड्याच्या ठाणाला गुळगुळीत फळ्यांची जमीन आणि लीद-मूत्र निघून जाण्याची वाट असावी असे लिहून ठेवले आहे. शास्त्र वेगळे, छावणी वेगळी. चिपळुणास फळ्या कोठल्या? गवती झोपड्या होत्या.

या गवती झोपड्यांनीच पत्राचा उत्तरार्ध व्यापला आहे, आणि आम्हांला तो पूर्वार्धाहूनही अधिक आवडतो. कोणी भलत्याच ठिकाणी चूल मांडील, कोणी चिलमीसाठी विस्तव नेईल, वारा कोठला आणि गवत कोठे पडले आहे हे पाहणार नाही. एक खण पेटला की सारे पेटतील. ठिणगी गवताच्या गंजीत गेली की सगळी वैरण जाईल. मग कितीही कुणबी आणि कारकून धारेवर धरले तरी पुन्हा एक खण उभा करायला लाकूड मिळायचे नाही. म्हणून अधिकाऱ्यांनी सतत फेऱ्या मारून पाहावे. रात्री दिवा जळता ठेवू नये, कारण उंदीर येऊन पेटती वात ओढून नेईल.

हा उंदीर पाहून दरवर्षी वर्ग हसतो. आम्हीही पहिल्यांदा हसलो होतो. पण राज्याभिषेकाच्या आगेमागे, चार आघाड्यांवर लक्ष असलेला माणूस तबेल्यातल्या उंदराचा विचार करतो, यामागे नुसता बारकावा नाही. ज्याने एखादी पागा अशी जळताना पाहिली किंवा ऐकली असेल, त्यालाच वात ओढणारा उंदीर सुचतो. पत्राच्या शेवटी एक कडवट उपरोधही आहे: तसे झाले तर बरेच झाले, घोडी बांधायची नाहीत, त्यांना खाऊ घालायचे नाही, पागा बुडाली आणि तुम्ही सुटलात. वरिष्ठाच्या रागातला हा सूर आमच्यासारख्या नोकरदारांच्या चांगलाच परिचयाचा आहे.

पावसाळा छावणीत काढायचा आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून आठ महिने मुलुखगिरीला जायचे, ही रीत पुढे मराठी लष्कराच्या अंगवळणी पडली. तिचे फायदे उघड होते. तिची किंमत मात्र उशिरा कळली. १७६० च्या मार्चमध्ये सदाशिवरावभाऊ परतुडाहून निघाले आणि ऐन पावसात उत्तरेत पोहोचले. यमुना दुथडी भरलेली, अंतर्वेदीत उतरता येईना. त्या हिवाळ्यात पानिपतावर कोंडी झाली तेव्हा तोफांच्या बरोबरीने वैरणीच्या तुटीने मराठ्यांना मारले. १४ जानेवारी १७६१ च्या सकाळी जी घोडी रणात उतरली, त्यांतील पुष्कळ आधीच उपासमारीने खंगलेली होती. चिपळूणच्या पत्रातली भीती शंभर वर्षांच्या आत, कोरड्या थंडीत, खरी ठरली.

आर्थर वेलस्लीने याच रीतीवर आपले गणित मांडले. मराठ्यांशी लढायचे तर पावसाळ्यातच, कारण नद्या भरल्या की त्यांच्या चपळ घोडदळाला इकडून तिकडे पळता येत नाही, असे त्याचे मत होते. धोंडजी वाघाच्या पाठलागात १८०० साली त्याने ते पारखून घेतले होते. १८०३ च्या ऑगस्टमध्ये त्याने अहमदनगरचा किल्ला घेतला, चामडे मढवलेल्या टोपल्यांच्या नावांतून गोदावरी ओलांडली, आणि २३ सप्टेंबरला, दसऱ्याच्या सुमारास, असईची लढाई झालीही. ज्या महिन्यांत घोडे राखायचे, त्याच महिन्यांत शत्रू चालून आला. यात छावणीच्या व्यवस्थेचा दोष किती आणि बदललेल्या युद्धतंत्राचा किती, यावर आमच्या आमच्यातच एकमत नाही. आमच्यापैकी एकाला वाटते की घोडा जपण्याची शिस्त शिंदे-भोसल्यांच्या काळापर्यंत ढिली झाली होती आणि सवय तेवढी उरली होती. दुसऱ्याचे म्हणणे असे की शिस्त कितीही असती तरी भरलेली नदी घोड्याला भरलेलीच असते.

गेल्या वर्षी हे पत्र वाचून झाल्यावर मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी तासानंतर थांबला. त्याच्या आजोबांचा टांगा होता. तो म्हणाला, सर, आजोबा पावसाळ्यात रात्री दोनदा उठायचे. एकदा खूर पुसून कोरडे करायला, नि एकदा कंदील विझला की नाही ते बघायला. उंदराचे त्यांना कोणी सांगितले होते, हे त्याला ठाऊक नव्हते. आजोबांना वाचता येत नव्हते, एवढे मात्र त्याने जाता जाता सांगितले.