मोनोब्लॉकचा तुटलेला कान

जबलपूरला असताना जुन्या बुलेटच्या आमाल मोनोब्लॉक कार्बोरेटरचा कान माझ्या हातून तुटला. नट जास्त आवळला, एवढंच. बाजारात वेल्डिंगला दिला. ज्योत लागताच कानाच्या जागी नुसता गोळा!

चूक माझीच, मी धातू ॲल्युमिनियम समजलो. 1927 साली तीन ब्रिटिश कार्बोरेटर कंपन्या एकत्र येऊन आमाल झाली. त्यांच्या जुन्या कार्बोरेटरांत फ्लोट चेंबर वेगळा असे. 1950च्या दशकातल्या मोनोब्लॉकमध्ये तो आणि बॉडी एकाच ओतकामात आले. धातू मझाक, म्हणजे मुख्यतः जस्त: साच्यात सुबक उतरतो, पण वितळतो 380 अंशांच्या आसपास. ॲल्युमिनियमला 660 लागतात. कानाबरोबर माझा फ्लोट चेंबरही भंगारात गेला, तो याच एकसंधपणामुळे.

दुसरी बॉडी मिळाली, पण तिचा फ्लँज कुणीतरी आवळून आवळून वाकवलेला. तिथून हवा ओढली की इंजिन अडखळतंच. आमच्या सुभेदार साहेबांनी जाड काचेवर पॉलिशपेपर ठेवून तो तासभर घासला. चेंबरच्या झाकणाच्या एका स्क्रूचे आटे गेले होते, तिथे पितळी बुश बसवला. वेल्डिंगचं नावही काढू दिलं नाही.

गाडी दुसऱ्या किकला सुरू झाली. तो नट आता मी आवळत नाही, साहेबच आवळतात.