पहाडीचे गोरेगाव

गावाच्या नावाची व्युत्पत्ती सांगताना आपल्याकडे कोणी अडखळत नाही. गोरेगावला गोरेगाव का म्हणतात, असं रिक्षावाल्याला विचारा, नाक्यावरच्या आजोबांना विचारा, उत्तर तयार असतं. एक म्हणतो, इथे आरेची दूध वसाहत. दूध गोरं, म्हणून गोरेगाव. दुसरा म्हणतो, मृणालताई गोऱ्यांचं गाव, म्हणून गोरेगाव. ही दोन्ही उत्तरं आपण तपासू. पण त्याआधी एक नाव आठवू या, जे आज फलाटाच्या पाटीवर नाही.

एप्रिल १८६७ मध्ये विरार ते बॅकबे अशी पहिली उपनगरी गाडी सुरू झाली. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेची. दिवसाला एक जाणारी, एक येणारी. तिच्या थांब्यांच्या यादीत बोरिवली आहे, अंधेरी आहे, आणि या दोहोंच्या मध्ये एकच नाव आहे: पहाडी. कांदिवली नाही, मालाड नाही, जोगेश्वरी नाही आणि गोरेगावही नाही. आज जिथे आपण गोरेगावला उतरतो, ते तेव्हाचं पहाडी स्टेशन.

आता 'पहाडी' म्हणजे पहाडाजवळचं, असं कोणीही पटकन म्हणेल. पूर्वेला डोंगर आहेतच. पण थांबा. मराठी माणूस पहाड कुठे म्हणतो? तो डोंगर म्हणतो. डोंगराजवळच्या वस्तीला डोंगरी म्हणतो, आणि मुंबईत डोंगरी आहेच. त्यामुळे 'पहाडी' हे नाव वाटतं तितकं सोपं नाही, असं आमचं मत आहे.

आता आरेचं बघू. आरे वसाहत १९४९ सालची. फिल्मिस्तान स्टुडिओ निघाला १९४३ मध्ये, आणि तो गोरेगावात निघाला. म्हणजे दूध यायच्या आधी नाव हजर! मृणालताईंचा जन्म १९२८ चा, माहेरच्या त्या मोहिले. गोरे हे सासरचं आडनाव. पाण्यासाठी, महागाईविरुद्ध त्यांनी बायकांना रस्त्यावर उतरवलं आणि त्या 'पाणीवाली बाई' झाल्या. गोरेगावाला त्यांनी खूप दिलं, पण नाव काही दिलं नाही. ते त्यांच्या आधीपासून होतं. शिवाय गोरेगाव एकच नाही, बरं का. रायगड जिल्ह्यात माणगावच्या पुढे गोरेगाव आहे, कोकण रेल्वेने तिथल्या स्टेशनला गोरेगाव रोड म्हटलं. गोंदियात गोरेगाव हा तालुकाच आहे, हिंगोली जिल्ह्यातही एक गोरेगाव आहे. तिथे ना आरे, ना मृणालताई.

आपल्या नैयायिकांनी शब्दांचे प्रकार पाडले, त्यात यौगिक आणि रूढ असा भेद केला. 'पाचक' यौगिक: पचवणारा, म्हणजे रांधणारा, अवयव कळले की अर्थ कळला. रूढ शब्दाला अवयवार्थाची गरज नसते. लोक स्थळनामं सतत यौगिक समजतात आणि फोडत बसतात. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ च्या आपल्या तर्कशास्त्रावरच्या ग्रंथात डार्टमथचं उदाहरण दिलं आहे. डार्ट नदीच्या मुखाशी म्हणून ते डार्टमथ; पण उद्या भूकंपाने नदी दूर गेली, तरी गावाचं नाव बदललंच पाहिजे असं नाही. आम्हाला हे पटतं, पण अर्धंच. नाव वस्तूला चिकटतं हे खरं. मात्र दोन नावं असतील तर कोणतं चिकटवायचं, हे कोणीतरी ठरवतं. इथे ते काम रेल्वेच्या पाटीने केलं.

पाटीवर जे नाव आलं ते तिकिटावर गेलं, मग पत्त्यात, मग लग्नपत्रिकेत. शंभर घरांच्या वस्तीचं नाव लाखोंच्या तोंडी बसलं आणि शेजारचं नाव मागे सरलं. सरलं म्हणजे मेलं नाही! महसुली दप्तरात आजही 'मौजे पहाडी गोरेगाव' आहे, 'पहाडी एकसर' आहे. गोरेगाव पूर्वेला पहाडी शाळा आहे. एखाद्या जुन्या सोसायटीचा पुनर्विकास निघतो, मालमत्ता पत्रक बाहेर येतं, आणि चाळीस वर्षं तिथे राहिलेला माणूस विचारतो, "हे पहाडी कुठे आलं?" ज्या गावठाणातल्या माणसांनी ते नाव वापरलं, त्यांच्या घराचा दाखला त्या एका शब्दात आहे. पाटीवर नाही म्हणून तो शब्द फालतू ठरवला, तर त्यांचं इथे असणंच पुसट होतं.

आणि हे जुनंच आहे असं समजू नका. जोगेश्वरी आणि गोरेगावच्या मध्ये नवं स्टेशन व्हायचं ठरलं, तेव्हा कागदोपत्री त्याला ओशिवरा म्हणत. नदीचं नाव, वस्तीचं नाव. २२ डिसेंबर २०१६ ला स्टेशन उघडलं ते राम मंदिर या नावाने, जवळच्या देवळावरून. देऊळ खरंच तिथे आहे, त्याबद्दल वाद नाही. पण आता गाडीत पंधरा-वीस वर्षांची मुलं "राम मंदिरला उतरायचं" म्हणतात, आणि ओशिवरा उरलं आहे बसच्या डेपोवर आणि पावसाळ्यात पूर आला की बातमीत.