वारसांसाठीं राखलेली जागा

मालवणच्या सिंधुदुर्गांत श्रीशिवराजेश्वराची पूजा आजही चालते. त्याच कोंकण किनाऱ्यानें उत्तरेस वसईपर्यंत गेलें, म्हणजे तेथल्या किल्ल्यांत याच्या नेमकें उलट दृश्य दिसतें. सेंट अँथनीच्या फ्रान्सिस्कन देवळास छप्पर नाहीं, वेदी नाहीं, उपासकही नाहींत. उभ्या आहेत त्या दगडी कमानी, आणि पायांखालीं फरशी आहे ती थडग्यांच्या कोरीव शिळांची.

गुजराथच्या बहादूरशहानें १५३४ सालीं वसई पोर्तुगीजांस दिली. पुढें दोनशें वर्षें येथें फिदाल्गो, म्हणजे पोर्तुगीज खानदानी सरदार, नांदले. प्रतिष्ठितांस देवळाच्या आंतच पुरावें, असा त्यांचा रिवाज होता. ज्याची ऐपत मोठी, तो देवळास लागून स्वतःच्या खर्चानें कपेल, म्हणजे छोटें प्रार्थनागृह, बांधी आणि तेथील भूमि आपल्या घराण्यासाठीं राखून ठेवी.

दोना फ्रान्सिस्का द मिरांदा हिचा थडगेलेख या दृष्टीनें वाचण्याजोगा आहे. ती कपेलचा संस्थापक मानुएल द मेलो परेरा याची पत्नी. १० नोव्हेंबर १६०६ रोजीं ती वारली. परंतु लेख तिच्यापाशीं थांबत नाहीं. हें थडगें तिची कन्या इनेश, नातू लुईश आणि सर्व वारस यांचेंही आहे, असें तो सांगतो. सर्व वारस! वसई आपल्या हातून कधीं जाईल, ही शंका त्या घराण्यास शिवलीही नसावी.

१७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी अप्पांनीं वसई घेतली. तहाच्या अटी उदार होत्या. सैन्यास सन्मानानें बाहेर पडतां आलें, आणि जे राहतील त्यांस धर्माची मोकळीक मिळाली. वसईचे स्थानिक ख्रिस्ती राहिले. त्यांच्या देवळांतून आज मराठींत प्रार्थना होते. फिदाल्गो मात्र गेले. चीजवस्तु नेतां येते, पूर्वजांचीं हाडें कशीं न्यावीं? वसईच्या घंटाही देशावर गेल्या, आणि नाशिकास नारोशंकराच्या देवळांत, भीमाशंकरास, मेणवलीस त्या दिसतात. घंटांची कथा मराठी घरांत सर्वांस ठाऊक आहे; शिळांची चौकशी फारशी कोणीं केली नाहीं. ती आस्थेनें केली डॉ. गेर्सन द कुन्या या गोमंतकीय विद्वानानें. १८७६ सालीं चौल-वसईवरील आपल्या ग्रंथांत त्यानें येथील लेख छापले.

कोंकणचा पाऊस आतां त्या शिळांवर थेट पडतो. कांहींवरचीं अक्षरें पुसट झालीं आहेत. कांहींवरचीं कुलचिन्हें अजून ओळखूं येतात.