पारव्याचें दूध

इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें लढाया, तह आणि राज्यारोहणें उभीं राहतात. परंतु आपल्या शेजारीं राहणाऱ्या एखाद्या क्षुद्र जीवास काय खावयास घालावें, हें मनुष्यानें केव्हां व कसें जाणलें, ह्यालाही इतिहास आहे. तो ठाऊक नसल्यास काय होतें, ह्याचा अनुभव आम्हांस २०२५ च्या पावसाळ्यांत आमच्याच घरीं आला. म्हणून प्रथम तो अनुभव सांगून मग आम्ही इतिहासाकडे वळूं.

आम्ही नवी मुंबईंत नेरूळ येथें एका बहुमजली इमारतींत राहतों. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर, वातानुकूलन यंत्राच्या मागें, पारव्यांनीं ठाण मांडलें होतें. विष्ठा, पिसें आणि पहाटेपासून चालणारें घुमणें ह्यांस कंटाळून आम्हीं शेवटीं खिडकीस जाळी बसविण्याचें ठरविलें. कारागीर आला, त्यानें वांकून पाहिलें व म्हणाला, "साहेब, आंत दोन पिल्लं आहेत. काय करायचं?" आमची महाविद्यालयाची वेळ झाली होती. "बाजूला काढून ठेवा," एवढें सांगून आम्ही जिना उतरलों. संध्याकाळीं परत येऊन पाहतों तों जाळी चांगली ताणून बसविलेली. जाळीपलीकडे नर व मादी दोघेंही बसलेलीं. आणि घरांत, बुटांच्या रिकाम्या खोक्यांत, पिवळसर लवेचीं, अंगाच्या मानानें मोठ्या चोंचीचीं, कुरूप म्हणावीं अशीं दोन पिलें थरथरत होतीं.

घरांत दयेला तोटा नव्हता. आमच्या सौभाग्यवतींनीं गाईचें दूध कोमट केलें, त्यांत पावाचा चुरा कालविला, आणि आम्हीं स्वतः औषधाच्या नळीनें तें पिलांच्या चोंचींत थेंब थेंब सोडलें. पिलांनीं माना हलविल्या. आम्हांस वाटलें, त्यांस तें रुचलें. दुसऱ्या दिवशीं पहाटे दोहोंपैकीं लहान पिलूं मरून पडलें होतें. आमची कन्या कांहीं बोलली नाहीं. उरलेलें पिलूं फडक्यांत गुंडाळून ती पशुवैद्याकडे घेऊन गेली. आम्हीही मागोमाग गेलों. वैद्यानें पिलाची चोंच उघडून पाहिली आणि एवढेंच विचारलें, "दूध कोणी पाजलं?"

त्या प्रश्नानें आम्हांस पुस्तकांकडे पाठविलें.

पारवा हा मूळचा कड्यांचा रहिवासी. सह्याद्रीच्या कपारी, किल्ल्यांचे तट, जुन्या विहिरींचे कोनाडे, देवळांचीं शिखरें हीं त्याचीं घरें. झाडावर तो सहसा घरटें बांधीत नाहीं. त्यास दगडाची अरुंद पायरी हवी असते. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली आणि ठाणें, पनवेल व उरण ह्या तालुक्यांतील ९५ गांवांच्या भूमीवर नवें शहर उभें राहूं लागलें. भातखाचरें व मिठागरें ह्यांच्या जागीं सिमेंटचे कडे उठले, आणि प्रत्येक कड्यास खिडकीगणिक एक कपार! पारवा आपल्या घरांत शिरला असें आपण म्हणतों. त्याच्या दृष्टीनें पाहिलें तर आपणच त्याच्यासाठीं डोंगर रचला.

ह्या पक्ष्याचें कुटुंबवात्सल्य आपल्या पूर्वजांनीं बारकाईनें पाहिलें होतें. भागवताच्या एकादश स्कंधांत अवधूतानें यदूस आपले चोवीस गुरु सांगितले आहेत. त्यांत कपोत हा एक. कपोत व कपोती परस्परांवर व पिलांवर अतिशय आसक्त. एके दिवशीं तीं दोघेंही पिलांसाठीं चारा आणावयास गेलीं असतां व्याधानें जाळें पसरून पिलें धरिलीं. परत आलेल्या आईनें तें पाहून जाळ्यांत उडी घेतली. तिच्यामागून बापही पडला. ह्याच स्कंधावर नाथांनीं आपली प्रचंड मराठी टीका लिहिली आणि १५७३ सालीं काशी येथें ती पुरी केली. त्यामुळें ही कथा महाराष्ट्रांत घरोघर पोंचली. कथेचा हेतु अर्थात् मोहाचा निषेध हा आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकानें तिच्यांतील निरीक्षणाकडेही पाहिलें पाहिजे. पिलांचें पोषण आई आणि बाप *दोघेंही* करितात, हें त्या कथेच्या कर्त्यास पक्कें ठाऊक होतें. आम्हीं ही कथा पूर्वीं अनेकदां वाचली होती. ह्या वेळीं मात्र ती वाचतांना आमची मान खालीं गेली. त्या कथेंत जाळें व्याधाचें होतें. आमच्या घरीं तें आमचें होतें.

दोघें पोषण करितात, हें खरें, पण कशानें? ह्याचें उत्तर मिळावयास १७८६ साल उजाडलें. त्या वर्षीं लंडनचा प्रसिद्ध शस्त्रवैद्य जॉन हंटर ह्यानें आपल्या एका ग्रंथांत पारव्याच्या अन्नपिशवीचें वर्णन प्रसिद्ध केलें. पक्ष्यानें टिपलेलें धान्य प्रथम सांठतें ती, गळ्याच्या बुडाशीं असणारी, ही पिशवी. पिलें निघण्याच्या सुमारास तिचें अस्तर जाड होतें आणि त्यांतून दह्याच्या कवडीसारखा एक पदार्थ सुटतो. नवजात पिलांचें पहिल्या कांहीं दिवसांचें अन्न तेंच. हंटरनें विशेष लक्षांत आणून दिलेली गोष्ट ही कीं, हा पदार्थ नर व मादी दोहोंच्याही शरीरांत उत्पन्न होतो. पुढें अमेरिकन शास्त्रज्ञ ऑस्कर रिडल व त्याचे सहकारी ह्यांनीं १९३२-३३ च्या सुमारास दाखविलें कीं, पारव्याच्या ह्या पिशवीस जागें करणारा रस मेंदूच्या तळाशीं असणाऱ्या एका लहानशा ग्रंथींतून स्रवतो. त्यांनीं त्यास प्रोलॅक्टिन हें नांव दिलें. मानवी मातेच्या स्तनांत दूध उत्पन्न करण्यासही हाच रस कारण होतो. आणि त्याचें प्रमाण मोजण्याकरितां वैद्यकशास्त्र पुढें अनेक वर्षें पारव्याच्या अन्नपिशवीचाच उपयोग करीत असे. निसर्गानें ज्या तारेनें आईस पान्हा फोडला, तीच तार पारव्याच्या बापासही जोडली, हें वाचून कोणास नवल वाटणार नाहीं?

परंतु नांवाच्या ह्या साम्यानेंच फसगत होते. पारव्याच्या दुधांत प्रथिनें व स्निग्धांश भरपूर असतात. गाईच्या दुधांतील शर्करा त्यांत नसते आणि ती शर्करा पक्ष्याच्या आंतड्यास पचत नाहीं. दुसरें असें कीं, पिलूं चोंच वर करून कोणी ओतील तें गिळीत नाहीं. तें आपली चोंच आईबापांच्या तोंडांत खुपसून अन्न ओढून घेतें. त्याच्या श्वासनलिकेचें द्वार जिभेच्या मुळाशींच उघडें असतें. वरून सोडलेला थेंब तेथूनच फुप्फुसांत उतरतो. आमच्या दयेनें त्या लहान पिलास दोन्ही वाटांनीं घेरलें होतें.

दया आणि ज्ञान ह्यांची गांठ पडावयास शहरांसही काळ लागतो. मुंबईंत १८३२ सालीं सरकारी हुकुमानें मोकाट कुत्रे मारूं लागले, तेव्हां पारशी समाज खवळून दंगा झाला. त्यानंतर १८३४ सालीं सर जमशेटजी जीजीभाई आणि शेठ मोतीचंद अमीचंद ह्यांच्या पुढाकारानें भुलेश्वरास पांजरापोळ स्थापन झालें. तेथें आश्रय होता, चारापाणी होतें. १८७४ सालीं प्राण्यांस क्रूरतेनें वागविण्यास आळा घालणारी मंडळी मुंबईंत निघाली. नंतरच्या दशकांत सर दिनशा माणेकजी पेटिट ह्यांच्या देणगीनें परळ येथें त्यांच्या पत्नी बाई साकरबाई ह्यांच्या नांवें प्राण्यांचें रुग्णालय उभें राहिलें. आणि १८८६ सालीं तेथेंच पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालें. आश्रयापासून उपचारापर्यंत आणि उपचारापासून अध्ययनापर्यंत, हा पन्नास वर्षांचा प्रवास आम्हांस मोठा मोलाचा वाटतो.

कबुतरखान्यांचा प्रवास मात्र दाणे टाकण्यापाशींच थांबला. जुलै २०२५ मध्यें राज्य सरकारनें मुंबईंतील ५१ कबुतरखाने बंद करण्याचें विधान परिषदेंत जाहीर केलें. ऑगस्टांत दादरचा कबुतरखाना ताडपत्रीनें झांकण्यांत आला आणि ६ ऑगस्ट रोजीं जमावानें ती ताडपत्री फाडली. एका पक्षानें धर्माचा व भूतदयेचा, तर दुसऱ्यानें वाळलेली विष्ठा व पिसांची धूळ ह्यांपासून होणाऱ्या फुप्फुसांच्या विकाराचा मुद्दा मांडला. ह्या विकाराचें भय काल्पनिक नाहीं. श्वासाचे रोगी, वृद्ध व बालकें ह्यांनीं ह्या धुळीपासून दूरच राहिलें पाहिजे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, मूठभर दाणे फेंकून पाठ फिरविणारा दाता आणि "बाजूला काढून ठेवा" म्हणून जिना उतरणारा गृहस्थ ह्यांच्यांत आम्हांस फारसें अंतर दिसेना. दोघांसही पारवा दिसतो, पण त्यांतला एकही पारव्याकडे पाहत नाहीं.

उरलेलें पिलूं बारातेरा दिवसांचें असावें, असें वैद्यानें सांगितलें. डोळे उघडलेले, पंखांवर नळ्यांसारखे कोंब फुटलेले. आठवड्याहून लहान पिलूं असतें तर तें जाणत्या हातांतच सोंपवावें लागलें असतें. हें घरीं वाढण्याजोगें होतें. पहिला नियम उबेचा: गार पडलेल्या पिलास अन्न पचत नाहीं, म्हणून फडक्यांत गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली खोक्याच्या एका बाजूस ठेवावयाची, म्हणजे नको तेव्हां त्यास दूर सरकतां येतें. तळाशीं खरखरीत कापड, नाहीं तर गुळगुळीत कागदावर पाय फांकून कायमचे अधू होतात. अन्न म्हणजे उकडून कोमट केलेले मटाराचे दाणे. चोंच हलकेच उघडून एकेक दाणा जिभेच्या मागें ठेवावयाचा. अन्नपिशवी हातास मऊ, भरल्या थैलीसारखी लागली कीं थांबावयाचें, आणि ती रिकामी झाल्यावांचून पुन्हा खाऊं घालावयाचें नाहीं. पाणी वरून पाजावयाचें नाहीं. खोलगट वाटींत चोंच बुडविली कीं पारवा तें गाईसारखें ओढून पितो. विष्ठा ओली करून पुसावयाची, तोंडास फडकें बांधावयाचें आणि प्रत्येक वेळीं हात साबणानें धुवावयाचे.

आमच्या कन्येनें हें सर्व वेळच्या वेळीं केलें. आठवडाभरानें पिलूं दाण्यासाठीं तिच्या बोटांच्या बेचक्यांत चोंच खुपसून पंख फडफडवूं लागलें. नंतर ज्वारी व मूग आपणच टिपूं लागलें. पिवळी लव गळाली, मानेवर हिरवीजांभळी झांक आली. तें चांगलें उडूं लागल्यावर, एका उघडीप पडलेल्या सकाळीं, आम्हीं खोकें गच्चीवर नेलें. पाखरूं कांहीं वेळ कठड्यावर बसलें आणि समोरच्या इमारतीकडे निघून गेलें. त्यानें मागें वळून पाहिलें, असें लिहिण्याचा मोह आम्हांस होतो. पण तें खरें नव्हे.

गेल्या महिन्यांत शेजारच्या बिऱ्हाडीं जाळी बसवावयाची होती आणि तेथेंही घरटें निघालें. शेजाऱ्यांनीं आम्हांस सल्ला विचारला. आम्हीं सांगितलें, अंडीं असल्यास सतराअठरा दिवसांत पिलें निघतात आणि पुढें सुमारें एका महिन्यांत तीं उडून जातात. तोंवर थांबा, मग जागा धुऊन जाळी खुशाल बसवा. कारागिरास त्यांनीं नंतरची तारीख दिली. आम्हांसही त्या दिवशीं एवढेंच करावयाचें होतें.